चार वर्षांच्या मेंढीचे म्हातारे दात

मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे नुसती टणक हिरडी असते आणि खालचे आठ दात त्या हिरडीवर दाबून ती गवत खुडते. माणिकपूरच्या आमच्या सोसायटीत मी हे एकदा सहज सांगितलं, तर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अय्या, म्हणजे जन्मतःच बोळकी?" त्यांना वाटलं मी गंमत करतेय. पण सरकारी पशुवैद्यक म्हणून केलेल्या नोकरीतली माझी सगळ्यात मोठी चूक या आठ दातांपाशीच झाली. इतकी वर्षं ती घरच्यांशिवाय आणि ज्यांना ती भोगावी लागली त्यांच्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती. आता निवृत्त झाले, कुणी चौकशी लावणार नाही, म्हणून लिहिते.

मी वसईच्या दवाखान्यात आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पालघर जिल्हा व्हायचा होता, आम्ही ठाण्यात मोडायचो. सकाळी होळी गावच्या वाडीतला बैल, दुपारी भुईगावची म्हैस, संध्याकाळी नव्या इमारतीतला पॉमेरियन, असा दिवस जायचा. सुरुवातीला लोक खुर्चीत बसलेल्या मलाच विचारायचे, "डॉक्टर कधी येतात?" आमचे ड्रेसर पास्कल जखमा धुणं, जनावर धरणं, औषध पाजणं सगळं करत. ते माझ्याकडे बोट दाखवून शांतपणे सांगत, "आलेत. या काय."

या नोकरीत पहिल्या दोन वर्षांतच एक धडा पक्का झाला, की मालक खोटं बोलतो, जनावर बोलत नाही. बँकेतले एक साहेब कुत्र्याला घेऊन आले. तीन दिवस अन्नावर वासना नाही म्हणे. "बाहेरचं काही खाल्लंय का?" "छे छे, घरचंच." औषध दिल्यावर कुत्र्याने ओकून काढला तो दोऱ्यासकट मोगऱ्याचा गजरा. बरोबर आलेल्या बाई गजऱ्याकडे पाहत राहिल्या, मग नवऱ्याकडे, आणि म्हणाल्या, "मी तर गजरा माळत नाही." साहेब त्यानंतर कधी दवाखान्यात आले नाहीत. होळीचे एक गृहस्थ म्हैस विकायला काढताना तिचं दुसरं वेत आहे असं देवाची शपथ घेऊन सांगत होते. मी तोंड उघडलं तर म्हशीचे दात झिजून खुंट झालेले. मी म्हटलं, "काका, ही तुमच्या लग्नात होती." ते हसले, पण शपथ मागे घेतली नाही.

असं शंभर वेळा झालं की मालकाचं बोलणं आपल्याला ऐकूच येईनासं होतं. ते मला कळलं नाही, एवढंच.

भातकापणी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन खाली उतरत. कामण, चिंचोटी, भिवंडीच्या वाटेवरच्या मोकळ्या भातखाचरांत त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरांचे तळ, पडत. शेतकऱ्याला लेंडीखत मिळे, धनगराला धान्य आणि चारा. पाऊस लागायच्या आधी ते परत वर जात. माझ्याकडे ते येत पायाला, पोटाला, जंताला औषध घ्यायला. दातांसाठी कधी कुणी आलं नव्हतं.

एका वर्षी डिसेंबरात मारुती नावाचा धनगर दवाखान्यात आला. तिशीचा, तावातावाने बोलणारा. त्याची बहीण सोनाबाई दोन वर्षांपूर्वी विधवा झाली होती. तिचा नवरा आणि दीर, दोघा भावांची मेंढरं एकत्रच होती, पण खाली उतरल्यावर चाऱ्यासाठी दोन कळप करत. नवऱ्याच्या कळपात रोग शिरला आणि बहुतेक मेंढरं मेली. मागोमाग तोही गेला. यंदा वाटणी झाली तेव्हा दीर धुळाजीने आपल्या कळपातल्या बावीस मेंढ्या भावजयीला वाटणी म्हणून दिल्या. चार-चार वर्षांच्या, ऐन भरातल्या, असं सांगून.

"आन आता तोंड उघडून बघतो तर काय," मारुती म्हणाला, "दात न्हाईत! नुसती खुटं. समद्या म्हाताऱ्या गळ्यात घातल्या माज्या भनीच्या. बाई, पंच बसवल्यात कामनला. तुमी येऊन वय सांगा. कागदावर. शिक्क्यासकट."

मेंढीचं वय दातांवरून सांगतात ते असं. वर्ष-सव्वा वर्षाची झाली की मधले दोन दुधाचे दात पडून तिथे मोठे दात येतात, ती दोनदाती. मग साधारण वर्षाला एक जोडी. चार वर्षांची होईतो आठही दात येतात, तिला जुळलेली म्हणतात. पुढे मोजायला काही उरत नाही. मग झीज बघायची. दातांत फटी पडतात, ते आखूड होतात, हलतात, सातव्या-आठव्या वर्षी खुंट राहतात. अशी मेंढी आखूड गवत खुडू शकत नाही. गाभण राहिली तर तिची स्वतःची तब्येत ढासळते, दूध आटतं, कोकरू मरतं. म्हणून दात गेले की ती कळपात राहत नाही, खाटकाकडे जाते. मेंढीचं आयुष्य तिच्या दातांएवढंच असतं म्हणा ना.

मी आणि पास्कल कामणला गेलो. खाचरात जाळ्यांचा वाडा, एका बाजूला दोन म्हातारे पंच घोंगडीवर बसलेले. सोनाबाई लांब, दगडावर. पस्तिशीची असेल. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. धुळाजी वाड्याच्या तोंडाशी उभा होता. उंच, सडसडीत, पागोटं नीट बांधलेलं. त्याने मला रामराम केला, पण जवळ आला नाही.

पास्कल एकेक मेंढी धरत होते, मी ओठ खाली ओढून बघत होते. आठही दात आलेले, आणि आठही हिरडीपर्यंत झिजलेले. काही मेंढ्यांचे तर पिवळट ठिपक्यांसारखे उरलेले. अर्ध्या तासात काम झालं. मला एकदाही शंका आली नाही.

"सात-आठ वर्षांच्या," मी म्हणाले.

तेव्हा धुळाजी पुढे आला. "बाई, ही माज्या हातावर जलमल्यात. कोन्ती कुटं व्याली, कोनाच्या पोटची, समदं सांगतो. चार वरसं झाली. दात झिजलं हे खरं हाय. माज्या समद्या कळपाचं झिजाय लागल्यात. का ते मला न्हाई ठावं. पर वय त्ये न्हाई."

मी हसले. ते हसणं मला अजून आठवतं. म्हणाले, "धुळाजी, दात खोटं बोलत नाहीत."

तो एक पाऊल मागे सरला. मग पंचांकडे वळून म्हणाला, "म्या दिल्या त्या माज्या वाड्यातल्या चांगल्या व्हत्या. भावाच्या कळपातलं काय उरलं न्हवतं, तवा माजं दिलं." एवढंच.

मी कागदावर लिहिलं, 'दातांवरून वय अंदाजे सात ते आठ वर्षे,' आणि शिक्का मारला. 'अंदाजे' हा शब्द मी लिहिला होता, यावर पुढे मी बरेच दिवस मनाची समजूत काढत होते. पण तिथे वाचता येणारं कुणी नव्हतं. त्यांनी शिक्का पाहिला.

पंचांनी निर्णय दिला. धुळाजीने बदल्यात बावीस सहादाती मेंढ्या द्याव्यात. सहादातीचे कडेचे दोन दात अजून दुधाचेच असतात, तिथे वयाचा वादच नको. धुळाजीने त्याच दुपारी मेंढ्या काढून दिल्या. जुन्या मात्र त्याने परत घेतल्या नाहीत. "म्हाताऱ्या म्हनता न्हवं? मंग म्हाताऱ्याचं करत्यात त्ये करा," म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने वाडा उठवला आणि वसई तालुकाच सोडला.

महिन्याभराने रशीदभाई दवाखान्यात आले. वसई गावात त्यांचं मटणाचं दुकान, तीन पिढ्यांचं. आजारी जनावर ते कापत नसत, शंका आली की आधी मला दाखवायला आणत, म्हणून ओळख चांगली होती. त्या दिवशी त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. टेबलावर ठेवून उघडलं. दोन मुंड्यांचे खालचे जबडे, उकळून साफ केलेले.

"बाई, हे बघा. तो मारुती धनगर आला होता ना, त्याने बावीस मेंढ्या दिल्या. म्हणाला, डॉक्टरबाईंचा कागद आहे, म्हाताऱ्या आहेत. मी घेतल्या. पण कापल्यावर माझा हातच सांगायला लागला, ये बुढी नहीं है. हाडं लाल, मटण कवळं. गिऱ्हाइकं उलट खूश. मग मुंडी फोडताना बघितलं." त्यांनी एका जबड्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. "हा खऱ्या म्हातारीचा, माझ्याकडचा जुना. मागच्या दाढा बघा, जात्यासारख्या सपाट झाल्यात. आणि हा तुमच्या मेंढीचा. पुढचे दात गेले, बरोबर. पण दाढा?"

दाढा उंच होत्या. कडा बोटाला टोचत होत्या. अगदी शेवटची दाढ तर कालपरवा आल्यासारखी.

जिवंत मेंढीच्या दाढा आम्ही सहसा बघत नाही. तोंड अरुंद, बोट घातलं तर चावा बसतो, आणि वयासाठी पुढचे दात पुरतात असं शिकलेलो. पण वय झालेल्या जनावराचं पुढचं झिजतं तसं मागचंही झिजायला हवं. इथे फक्त पुढचं झिजलं होतं.

"किती कापल्या?" मी विचारलं.

"तेरा. नऊ आहेत. त्यात तीन-चार गाभण वाटतात, म्हणून मागे ठेवल्या होत्या."

रशीदभाई उठले, जबडे तिथेच ठेवले आणि दारात थांबून म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला सांगायला पाहिजे. तो लंबू धनगर माझ्याकडे पण बकरे द्यायचा. झूठा माणूस नव्हता."

नऊ मेंढ्या त्यांनी घेतल्या त्याच भावात मला परत दिल्या. पास्कलच्या भावाची होळीला केळीची वाडी होती, तिथे त्यांची सोय केली. ओला चारा बारीक कापून घालायचा, म्हणजे खुडायला दात लागत नाहीत. त्यातल्या चार पुढच्या दोन महिन्यांत व्याल्या, दोघींना जुळी झाली. पास्कलचा भाऊ रोज सांगायचा, "मॅडम, म्हाताऱ्यांना भरपूर दूध आहे हो." त्याच्या मनात काही नव्हतं. मलाच ते ऐकवत नसे.

मी कामणला जाऊन आले. शेतकरी म्हणाला, "धुळाजी आता हिकडं येनार नाय बोलला. इथलं पानीच लागलं त्याला." मग मी सोनाबाईकडे गेले. ती भावाबरोबर विरारच्या बाजूला उतरली होती. मारुती मेंढरांमागे रानात गेलेला, ती एकटीच कोकरांपाशी बसली होती. जबडे मी बरोबर नेले होते. तिने दोन्ही हातात घेतले, दाढांवरून अंगठा फिरवला. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

जबडे मांडीवर ठेवून ती म्हणाली, "म्हंजी म्या भावजींना चोर केलं."

"तुम्ही नाही. मी केलं."

"तुमी परक्या, बाई. म्या घरची." मग तिने सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. ती गोष्ट सगळ्या धनगरांत पसरली होती. भावाच्या विधवेला फसवणारा म्हणून धुळाजीच्या मुलाची ठरत आलेली सोयरीक मोडली होती. जत्रेत त्याच्या पंक्तीला माणसं बसली नव्हती.

मेंढरं पावसाळ्यात गावी असतात. मी आषाढापर्यंत थांबले. ते सहा महिने कसे गेले ते लिहीत नाही. घरचे म्हणाले, "पत्र पाठव की." पण शिक्का मी जाऊन मारला होता. आठ दिवसांची रजा काढली आणि एसटीने नगर जिल्ह्यातल्या त्या गावी गेले. सोनाबाई फाट्यावर येऊन थांबली होती. मारुती आला नाही.

बिरोबाच्या देवळाच्या ओसरीवर तेच दोन पंच, आणखी दहा-बारा माणसं. धुळाजी खांबाला टेकून बसला होता. माझ्याकडे बघत नव्हता. मी उभी राहून सांगितलं. जबडे दाखवले, दाढा दाखवल्या, व्यालेल्या मेंढ्यांचं सांगितलं. म्हणाले, "धुळाजींनी वय सांगितलं ते खरं होतं. माझी चूक झाली. तेरा जनावरं त्यापायी गेली. आणि त्यांचं नाव गेलं."

एका पंचाने विचारलं, "मंग त्या कागदाचं काय करायचं?"

"फाडून टाका."

"सरकारी शिक्का फाडायचा व्हय?" तो खरोखर घाबरला होता. शेवटी कागद मीच फाडला. नवा लिहून आणला होता, तो वाचून दाखवला.

तेव्हा धुळाजी पहिल्यांदा बोलला. "मंग दात का झिजलं?"

याचं उत्तर शोधायला मी सहा महिने घालवले होते. मुंबईच्या कॉलेजातल्या माझ्या जुन्या सरांना भेटले होते. ते म्हणाले होते, असं इतर देशांतही दिसतं, कारणं पुष्कळ सुचवतात, पण खात्रीचं कुणाकडे नाही. ओसरीवर सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी शास्त्रीय बोलून वेळ निभावून नेता आली असती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

म्हातारा पंच मान हलवून शेजाऱ्याला म्हणाला, "आता बाई खरं बोलली."

कुणीतरी हसलं, आणि जरा मोकळं झालं. तेवढ्यात सोनाबाई बायकांमधून उठून पुढे आली. डोईवरचा पदर नीट केला आणि ओसरीच्या पायरीशी उभी राहिली. "भावजी," ती म्हणाली, "म्या मेंढीचं तोंड उघडून बघितलं. तुमाला इचारलं न्हाई."

धुळाजी खांबाला टेकून तसाच बसला. मग त्याने जमिनीकडे बघतच विचारलं, "शेवंतीला आनलं न्हाई व्हय?"

शेवंती म्हणजे सोनाबाईची सात वर्षांची लेक. "घरला हाय," ती म्हणाली.

"काकी वाट बघती तिची. सांजच्याला घेऊन ये."

पंचांच्या निर्णयापेक्षा मोठं काम त्या एका वाक्याने झालं. पण सगळं भरून आलं असं नाही. मारुती आणि धुळाजी पुढे कधी एकमेकांशी बोलले नाहीत. मुलाची मोडलेली सोयरीक जुळली नाही, दोन वर्षांनी दुसरीकडे जमलं. तेरा मेंढ्या तर गेल्याच. "मला त्यातली एकेक वळखू येती," धुळाजी एकदा म्हणाला होता. मी ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तो खाली आला, तो सरळ दवाखान्यात. "चला," म्हणाला, "काय झिजीवतंय त्ये बघू."

मग आम्ही शोध घेतला. शोध हा मोठा शब्द झाला. बादली, फडकं आणि काचेच्या दोन पट्ट्या एवढीच आमची प्रयोगशाळा. त्याचा कळप कामणला ज्या माळावर चरे, त्याच्या आसपास अलीकडच्या वर्षांत दगडखाणी आणि खडी फोडायची यंत्रं वाढली होती. रस्त्याकडेचं गवत राखाडी दिसे. ते उपटून बादलीत धुतलं. पाणी निवळल्यावर तळाशी बोटभर बारीक कच राहिली. ती काचेवर घासली तर काचेला ओरखडे. होळीच्या वाडीतलं गवत तसंच धुतलं, तर थोडी माती, ओरखडा नाही. मला वाटलं, सापडलं.

धुळाजी म्हणाला, "धूळ हाय, खरं. पर शिमग्याम्होरं गवात ऱ्हातच न्हाई. मेंढी मुळासकट वढती, मातीबी खाती. ती घाटावरबी खाती." मी लेंड्या धुऊन बघितल्या. त्यांतही कच होती. धुळीची की मातीची, कोण सांगणार? मग पाणी. त्याची मेंढरं एका बंद पडलेल्या खाणीच्या खड्ड्यातलं पाणी पीत. काही ठिकाणच्या पाण्यात असे क्षार असतात की दात मुळातच ठिसूळ येतात. पाण्याची बाटली आणि जबडा तपासायला पाठवला. आणि चौथी गोष्ट त्यानेच दाखवली. ज्या मेंढ्या लागोपाठ व्यायच्या, जुळी द्यायच्या, त्यांचे दात सगळ्यांत वाईट होते. पोटातल्या कोकराची हाडं आईच्या अंगातून जातात. चुना-क्षार कमी पडले तर तिचे दात मऊ राहत असतील. म्हणजे भावजयीला त्याने खरोखरच उत्तम मेंढ्या दिल्या होत्या, आणि उत्तम होत्या म्हणूनच त्या सगळ्यांत म्हाताऱ्या दिसत होत्या.

तपासणीचं उत्तर बऱ्याच महिन्यांनी आलं. 'निश्चित कारण सांगता येत नाही.' मी वर एक अहवाल पाठवला, धुळीचा उल्लेख केला, चराईची जागा बदलावी असं सुचवलं. पोच आली. एवढंच.

आम्ही आमच्यापुरतं केलं. धुळाजीने कामणचा माळ सोडला आणि कळप किनाऱ्याच्या बाजूच्या खाचरांत बसवायला लागला. गवत फार आखूड झालं की तिथून उठायचं. गाभण मेंढ्यांना क्षारांचं मिश्रण चाटायला द्यायचं. सगळं एकदम बदललं, त्यामुळे कशाने फरक पडला ते कळायचा मार्गच बंद झाला. सरांना कळलं असतं तर ओरडले असते. पण धुळाजीची मेंढरं प्रयोगासाठी नव्हती.

नोकरीचीही एक सवय बदलली. जनावराचं तोंड उघडायच्या आधी मी मालकाला वय विचारायला लागले आणि तो सांगेल ते आधी लिहून घ्यायला लागले. मग दात. दोन्ही जुळले नाहीत तर दोन्ही लिहायचे. लोक खोटं बोलतच राहिले. होळीचे ते काका पुन्हा एका म्हशीसाठी शपथ घेऊन गेले. पण ऐकून घ्यायला माझं काही जात नव्हतं.

होळीच्या वाडीत जन्मलेली कोकरं धुळाजीने नऊ मेंढ्यांबरोबर नेली होती. ती कामणच्या माळावर कधीच चरली नाहीत. त्यांतली एक मेंढी घेऊन तो चार वर्षांनी दवाखान्यात आला. पायाला जखम होती, निमित्त तेवढंच. बरोबर सोनाबाई होती. दोघांचे वाडे आता शेजारी पडत. पास्कलनी जखम धुतली. धुळाजीने मेंढीला गुडघ्यांत धरलं, ओठ खाली ओढला आणि म्हणाला, "बघा."

आठ दात. पांढरे, लांब, एकाला एक चिकटून, एकही फट नाही. मी बोट फिरवलं. चार वर्षांची मेंढी चार वर्षांची दिसत होती.

मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने म्हणाले, "म्हणजे धूळच होती, धुळाजी! हे सिद्धच झालं की!" आणि कागद ओढून लिहायला बसले.

सोनाबाई तोंडाला पदर लावून हसली. धुळाजीने मेंढी सोडली, पागोटं सारखं केलं आणि माझ्यासमोर बाकावर बसला.

"एकीवरनं काय कळतंय, बाई?" तो म्हणाला. "अजून धा-वीस जुळू द्या. घाई नगा करू. घाई आपली एकदा झालीया."